चौकोनात न मावलेलं तळं

दर पाचव्या दिवशी, साडेअकराच्या सुमारास
तो फेर्लोवरून जातो.
आवाज नाही, सावली नाही,
गुरंसुद्धा मान वर करत नाहीत.
लिंगेरच्या कचेरीत पंखा बंद पडलेला असतो
आणि मी त्यानं पाहिलेलं पाहत बसते.

पाणी वरून काळं दिसतं.
आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो,
पानं तो परतवतात, वाळू परतवते,
पाणी ऐकून घेतं आणि उत्तर देत नाही.
म्हणून मी काळं मोजते.
दहा मीटरला दहा मीटर, असा एकेक चौकोन:
काळा असला तर एक, नसला तर शून्य.
एकांची बेरीज झाली की
संध्याकाळी फोनमध्ये पुलार भाषेत बोलते,
वेंदू नागे, गाईचं तळं, निम्मं उरलंय.
पलीकडचं आटलं. तिकडं जाऊ नका.
चार हजार फोन ऐकतात
आणि सकाळी कळपांची तोंडं वळलेली असतात.

पावसाळ्याचं मात्र विचारू नका.
तळी भरतात तेव्हाच नेमके ढग येतात,
सबंध ऑगस्ट माझ्या पडद्यावर पिंजलेला कापूस.
रडारचं चित्र डाकारहून मागवावं लागतं.
ते येतं. कधीतरी.

जानेवारीत डिकेल बा आली,
डोक्यावर दुधाचा तुंबा, पायात दोन वेगळ्या चपला.
"तुझ्या त्याला आमचं तळं दिसतं का गं?"
नाव विचारलं तर सांगेना, नुसता हात केला उत्तरेला.
मी चित्र मोठं केलं.
बाभळीच बाभळी, करडे-हिरवट चौकोन, सगळे शून्य.
म्हटलं, इथं पाणी नाही.
ती हसली,
तुंब्यातलं दूध हिंदकळेपर्यंत.

शंका आली की जाऊन पाहायचं, असा नियम आहे.
येरोच्या मोटारसायकलवर अडीच तास, दोनदा पंक्चर.
फांद्यांत फांद्या गुंतलेल्या,
वाकून आत शिरले
तर खाली पाणी.
काळ्या शेंगा तरंगत होत्या.
माझ्या पावलांनी लांबी नऊ, रुंदी सात,
खोली डिकेलच्या कंबरेइतकी.
काठावर अकरा गाई आणि एका डोळ्यानं अधू वासरू.

जीपीएस खिशात होतं.
बटण दाबायचं, आकडे उमटतात,
मग त्या जागी हातानं एक लिहायचा.
तो चुकेल तिथं मी सुधारायचं,
पगार त्याचाच.

डिकेल म्हणाली,
"माझ्या लग्नाच्या साली एका परक्याला दाखवलं होतं.
तिसऱ्या दिवशी नुसता चिखल."
मग बराच वेळ काहीच नाही.
मग,
"परवा वरच्या अंगाच्या लोकांची सतरा गुरं वाटेत पडली, म्हणे.
तहानेनं."
दोन्ही सांगून झालं
आणि ती गाईखाली बसली धार काढायला,
माझ्याकडं पाठ करून.

परतताना येरोनं विचारलं, घेतलेस आकडे?
बॅटरी उतरली, म्हटलं.
तीन रेघा शिल्लक होत्या.

पाचव्या दिवशी तो पुन्हा गेला,
त्यानं शून्य पाठवलं.
मी शून्य राहू दिलं.
संध्याकाळी बोलताना मात्र
वरच्या अंगाच्या गावांची नावं घेताना
आवाज अडकला.
चार हजार फोनांनी तो ऐकला असेल.
लाइन खराब आहे, असं वाटलं असेल त्यांना.