अर्धी शेड

गोव्याच्या एका बारवाल्यानं फोटो धाडलाय:
कपाळावर आठ्या, तोंड चौकोनी उघडं,
दातांची ओळ बोटभर पुढं.
चाळीस पाहिजेत, म्हणतो, टिकी मग,
आत रम मावली पाहिजे, बाहेर देव रागीट दिसला पाहिजे.
कुठल्या बेटावरचा देव, नाव काय त्याचं,
कशावर एवढा चिडलाय,
विचारलं मी.
त्यानं अंगठा पाठवला.

मग राग इथूनच जमवला.
नाकपुड्या अशोक चौकातल्या रिक्षावाल्याच्या,
सुट्टे मागितल्यावरच्या.
आठ्या टँकरवाल्याच्या.
आणि पाचव्या दिवशीही नळ कोरडा राहिल्यावर
अख्ख्या गल्लीनं जे तोंड केलं
ते एकेका मातीच्या भांड्यावर बसवलं.

पहिली भाजणी झाली. गुलाबी, कोरडे,
जीभ लावली तर चिकटेल असे.
दुपारी विड्यांचं सूप उतरवून नरसव्वा येते.
हजार विड्या वळलेली बोटं
प्रत्येकाच्या बुडाला मेण लावतात,
मेण राहिलं तर लेप वितळून
देव फळीला कायमचा धरून बसतो.
"काय करलालीस गं हे," ती म्हणते,
"यांची दृष्ट काढायची, का यांच्यापासून आपली?"

नंतर बादली. दोनदा गाळलेला लेप,
ताकाहून दाट, पिठल्याहून पातळ.
चिमट्यात धरायचं, बुडवायचं, तीन मोजायचे,
उलटं करून झटकायचं.
तीन मी तेलुगूत मोजते: ओकटी, रेंडू, मूडू.
मराठीत मोजलं की जाड बसतो,
का ते माहीत नाही.

आणि रंग? हिरवा व्हायचाय तो आत्ता राखाडी,
निळा व्हायचाय तो फिकट जांभळा,
काळा व्हायचाय तो विटेसारखा.
चाळीस चिडके देव
चुना फासल्यागत ओट्यावर वाळत बसलेले.

नायना खाटेवरून बघतो.
मिलच्या रंगखात्यात एकतीस वर्षं.
मिल गेली,
नखांच्या मुळाशी निळं अजून आहे.
तो सांगायचा, ओल्या सुतावर भरवसा नको,
ओला रंग खोटं बोलतो,
वाळू दे, दारात ने, उन्हात विचार.
मी म्हटलं, इथं वाळलेलाही खोटं बोलतो नायना,
याला बाराशे अंशांवर विचारावं लागतं.
तो हसला नाही. मान हलवली,
एका खात्यानं दुसऱ्या खात्याची दखल घ्यावी तशी.

भट्टी रात्री अकरानंतर.
पलीकडचे पॉवरलूम थांबले की व्होल्टेज सरळ होतं.
बाहेर मे महिना, गच्चीवर सगळे ओल्या चादरीखाली,
मी एकटी आगीजवळ घाम पुसत.
भोकातून बघायचं: काळोख, शेंदरी, पिवळं,
नंतर नुसता उजेड, ज्यात भांडी दिसत नाहीत.
तीन शंकू उभे. पहिला वाकला. दुसरा वाकला.
तिसऱ्याला घाम फुटायच्या सुमारास
पावणेतीनला लाईट गेली.
दहा मिनिटं.
त्या दहा मिनिटांत मी कुणाकुणाला काय कबूल केलं
ते सांगत नाही.

झाकणाला दोन दिवस हात लावायचा नाही.
घाई केली की आतून टिंग, टिंग,
काचेला चिरा पडल्याचा बारीक आवाज,
कानाला गोड, पोटात खड्डा.

तिसऱ्या सकाळी उघडलं.
एकोणचाळीस हवे तसे चिडलेले,
हिरवे, निळे, काळेकुट्ट.
चाळिसाव्याचा लेप कपाळावरून ओघळला होता,
आठ्या बुजल्या, दात बुडाले,
तोंडाचं बोळकं झालं.
रागवायचं होतं कशावर तेच
विसरून गेल्यासारखा.

नायनाला त्यात ताक दिलं.
प्यायच्या आधी त्यानं तो हातात फिरवला,
उठला, दारात गेला, उन्हात धरला.
ओघळ जमला होता तिथं
निळ्या नखानं टकटक केलं.
"अर्धी शेड गडद," म्हणाला.
"पुढच्या खेपेला रेंडूवरच काढ."