कलकत्ता, चार दिवस

वही शंभर पानी. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात:
कलकत्ता, चार दिवस.
खालची तारीख वाचून दाखवली की मुनाफ म्हणतो,
"गप बस, तवा माझी पोरगी बालवाडीत होती."
ती आता एमएस्सी झाली.

रात्री साडेनऊला गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात,
तेव्हा आमची बैठक सुरू होते.
धार भांड्यात वाजते, ग्लासावर फेस चढतो,
मिशीला पांढरं लावून जिनाप्पा विचारतो,
"मग, हावड्याला किती वाजता पोचतोय आपण?"

पहाटे चार. पुण्यात गाडी बदलून.
पहाटे चारला परक्या गावात काय करायचं
यावर पाच-सहा उन्हाळे गेले.
धैर्यशील म्हणाला, स्टेशनवर आंघोळ.
मुनाफ म्हणाला, थेट मैदान.
अंधारात?
अंधारात. गवताला हात लावायचा, मग चहा.
तसं लिहिलं मी. पहिला दिवस, पहाट: गवताला हात.

एकाच मोसमात खेळलो आम्ही पेठेकडनं.
एक गोल, तोही मुनाफच्या पोटरीला लागून आत गेलेला.
मास्तर तेव्हा म्हणाले होते,
"फुटबॉल बघायचा तर कलकत्त्यात जावा.
हितं तुम्ही बॉलमागं पळताय, तिथं गाव पळतंय."
मास्तर स्वतः मिरजेच्या पलीकडे गेले नव्हते.

दुसऱ्या दिवसावर खाडाखोड फार.
व्हिक्टोरियाचा महाल, नदीत होडी,
ट्राम, शेवटच्या थांब्यापर्यंत आणि परत.
समासात बाण काढून: जिनाप्पाच्या जेवणाचं काय?
तिथं म्हणे माशाशिवाय घास नाही,
आणि हा पोह्यातला कांदासुद्धा वेचत बसणारा.
दोनदा अधोरेखित. पुढं कोरं.
तिसरा दिवस मॅच. कुणाची, ते नाही ठरलं.
चौथ्याला आम्ही कधी पोचलोच नाही,
तोवर म्हशी निघून जातात.

गेल्या बुधवारी शेजारचा माणूस म्हणाला,
"भावा, ती ट्राम बंद झाली."
गुजरीतला कारागीर, निताय.
बोटांच्या पेरांत सवागीचा पांढुरका थर,
साजातला मासा घडवतो, नखाएवढा.
तीन वर्षं आमचा बेत ऐकत दूध पीत होता.

आम्ही वही त्याच्या हातात दिली. दिव्याखाली धरून
त्यानं सावकाश पानं उलटली, परत दिली.
"हावडा अकरा वेळा बघितलाय मी," म्हणाला,
"स्टेशनातनंच गावची गाडी धरतो.
पूल कधी ओलांडला नाही.
पलीकडचं सगळं तुमच्याच वहीत बघितलं."

कुणी बोललं नाही. एका म्हशीनं शेपूट झाडली.
मग मुनाफ: "आणि पन्हाळा?"
नाही.
"जोतिबा?"
गुलाल बघितलाय, दुकानावरनं जाणाऱ्या लोकांच्या डोक्यावर.
"रंकाळा तरी?"
एकदा. दवाखान्यातनं येताना, रिक्षातनं.
नऊ वर्षं.

मी कोरं पान काढलं. कोल्हापूर, लिहिलं,
आणि अडलो: किती दिवस?
जिनाप्पा म्हणाला, दोन. मुनाफ म्हणाला, नुसत्या पन्हाळ्यालाच दोन.
मिसळ आधी की देऊळ आधी, यावर आवाज चढले.
तबक बागेकडे डावीकडनं जायचं की उजवीकडनं,
कुणालाच छातीठोक सांगता येईना.
मी स्वतः वर गेलो होतो ते शाळेच्या सहलीत.

भांडण रंगलं तसं नितायनं माझं पेन घेतलं,
पहिल्या पानावर गेला, चाराचे पाच केले.
"एक दिवस माझ्या घरी. आई विधवा आहे,
तिच्या चुलीवर कांदा चढत नाही, मासा तर नाहीच.
भोपळा करेल."
जिनाप्पानं पहिल्यांदाच मिशी पुसली.

रविवारी सकाळी सहाला शिवाजी पुलावर भेटायचं ठरलंय.
हा एक पूल तरी ओलांडू, मी म्हणालो.
धैर्यशील म्हणाला, सहा जरा लवकर होतंय.