खालून वर

पावणेपाचला राइस कुकर टिंगटिंगतो.
रात्री तीन पाण्यांत धुतलेला तांदूळ
माझ्याआधी उठून बसलेला असतो.
मी पातेलं चढवतो, त्यात कोंबूची एक पट्टी.
उकळी फुटायच्या आत ती बाहेर काढायची,
हे मला एकेचाळिसाव्या वर्षी कळलं.
तोवर मला फक्त ट्रॅम चालवता यायची.

चौकोनी तव्यावर अंडं ओततो.
पहिला थर फाटतो,
दुसरा त्याच्यावर पांघरूण घालतो,
तिसऱ्यानंतर गुंडाळी चारचौघांत नेण्याजोगी होते.
फाटकं टोक माझ्या डब्यात,
मधले तुकडे नाझुनाच्या ताटलीत, वर झाकण.
मिसो डावात घेऊन हळूहळू सोडतो, गॅस बंद करून.
चिठ्ठी : सूप गरम करून घे. नळ बघ.
खालच्या ओकाबायाशी काकूंना हाक मारून जा.
लोणचं खा.

मग दारात उभा राहून, कामावर करतो तसंच,
बोट दाखवून पुटपुटतो :
गॅस, बंद.
खिडकी, बंद.
मुलगी, झोपलेली.
आणि निघतो.

चिनात्सूची एप्रिलमध्ये आकिताला बदली झाली. दोन वर्षं.
तिनं सगळं नेलं, कोंड्याचा डबा तेवढा ठेवला.
तिकडच्या थंडीत तो झोपून जाईल, म्हणाली.
तांदळाचा कोंडा, मीठ, पाणी,
आणि तिच्या आईनं लग्नात पिशवीत बांधून दिलेला मूठभर जुना कोंडा,
त्यात काकडी पुरायची, वांगं पुरायचं, मुळा.
रोज हात घालायचा, मनगटापर्यंत.
खालून वर.
एक दिवसही चुकवायचा नाही.

तिच्या हाताला चव आहे, सगळे म्हणायचे.
मला वाटायचं, म्हणायची पद्धत आहे.

जूनमध्ये डबा बिघडला.
मी फोन डब्यावर धरला, ती डॉक्टरसारखी वाकली.
वास कसला येतो?
ओल्या मोज्यांचा.
ती हसली. किती दिवसांनी, ते मी मोजलं नाही.
मोहरीची पूड घाल. मीठ वाढव.
आणि त्याची सारखी माफी मागू नकोस,
तो कोंडा आहे, प्रवासी नाही.

पांढरे हातमोजे घालून मी हारिमायाबाशीचा चौक ओलांडतो.
रूळ रुळांना छेदतात, डबा अंगभर थरथरतो.
सिग्नल, हिरवा. निघतो.
मोज्याच्या आत माझी बोटं आंबूस,
शाळेच्या मुलांना, इस्पितळात निघालेल्या म्हाताऱ्यांना
ते कळत नाही.

उशिराची पाळी असली की रात्री आठनंतर
दुकानात माशांवर निम्म्या किमतीचं लेबल लागतं.
मी कात्सुओ घेतो, आलं घेतो.
नाझुना काकूंकडे जेवून झोपलेली असते.
मी उभ्यानंच खातो. ताट धुण्यापेक्षा
ओट्यावर खाल्लेलं बरं.
तांदूळ धुतो. एक पाणी, दोन, तीन.
मग डबा.

काल झाकण काढलं.
मी रोज वरून तळव्यानं सपाट करतो,
सिमेंट लावल्यासारखं.
काल तिथे खड्डा होता.
पाच बोटांचा, मनगटापर्यंत खोल,
माझ्या तीन बोटांत मावेल असा.
आणि डावीकडची काकडी उजवीकडे निघाली.

मे महिन्यात ती नाक दाबून म्हणाली होती,
बाबा, हे आपण टाकून देऊ या.

मी आत जाऊन पाहिलं.
हात पांघरुणाबाहेर, नखांत कोंडा.
केव्हापासून, कोण जाणे.
रोज दोनदा ढवळला जात होता म्हणून
डबा इतक्यात बरा झाला असेल,
की मोहरीनं, ते चिनात्सू सांगेल.
मी तिला अजून विचारलेलं नाही.

डब्याकडे बोट दाखवलं, आवाज न करता म्हटलं :
हात, एक. लहान. उजवा.
काल मी सपाट केलं नाही.

आज रविवार. काकडी कापली.
खारट झालीय, फार खारट.
मीठ दोघांनीही वाढवलं असणार.
दोघं काहीच बोललो नाही,
भात तेवढा एकेक वाटी जास्त घेतला.