शक्यतो

बिल्डरच्या ऑफिसात पेढ्यांचा पुडा आधीच फोडलेला.
"आमचे वकील आहेतच की मॅडम,
अख्ख्या बी विंगनं इथंच सह्या केल्यात."
पेनही त्यांचंच,
टोपण काढून माझ्याकडे तोंड केलेलं.

मी म्हटलं, चार दिवस द्या.
मकरंद स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
धुरंधरबाई पेन्सिल घेऊन वाचतात.
एकशे बारा पानं. मधूनच खारे दाणे.
आपण समोर बसलोय हे त्यांच्या गावीही नसतं.

शेहेचाळिसाव्या पानावर पेन्सिल थांबली.
"पार्किंग दाखवलंय, दिलेलं नाही.
आणि ताबा बघा,
डिसेंबरअखेर, शक्यतो.
शक्यतो म्हणजे काय, कळतं ना?"

कळतं.
बाबा दर रविवारी शक्यतो यायचे.
मी फ्रॉक घालून
गॅलरीत उभी असायचे, दिवे लागेपर्यंत.

बाईंनी त्या शब्दाभोवती गोल काढला.
खोडून टाकता येतो, म्हणाल्या,
आपण मागितलं तर.

फी मकरंदनं मोजून दिली, एक अक्षर न बोलता.
जिना उतरताना म्हणाला,
"मी दोन पेढे खाल्लेत गं तिथं.
चालेल ना?"