अर्धा फेरा

किल्ली फिरवली की नुसतं कर्र, कर्र, कर्र,
आणि मग इनटेकमधून एक शिंक.
कामाच्या आरंभी शिंकू नये, हे टोयोटाला कोण सांगणार.

कलामझू, मिशिगन. नोव्हेंबरातला शनिवार.
दाराच्या फटीतून येणारा वारा थेट घोट्यांना चावतो.
डेल्बर्ट हुकस्ट्रा उलट्या बादलीवर बसलेला,
उजव्या हातात कॉफी, डावा मांडीवर,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

सात आठवडे मी त्याचे हात झाले होते.
सत्याऐंशी सालच्या या पिकअपचं हेड उतरवलं,
गास्केट बदललं, चेन बदलली, वाकलेले व्हॉल्व्ह काढले.
प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या खोक्यात, वर चिकटपट्टी,
तिच्यावर माझ्या अक्षरात: मागचा, आखूड. पंपाचा, हट्टी.
"काय लिहितेस हे?"
"पत्ते."
"मला वाचता येत नाहीत."
"बोल्टांना येतात."
तो हसला की तोंडाची एकच बाजू हसते.
आता सवयीने मला दुसरीही दिसते.

तर तपास.
ठिणगी? आहे. निळी, टच्चकन.
पेट्रोल? प्लग ओला, बोटांना वास.
चेनवरच्या खुणा? समोरासमोर,
अंतरपाट नुकताच दूर झाल्यासारख्या.
पुली शून्यावर.
जन्म प्रयोगशाळेत काढलेली मी
पुन्हा पहिल्यापासून सगळं बघते. तेच उत्तर:
सगळं बरोबर आहे.
गाडी सुरू होत नाही.
ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिताना पेन अडखळतं.

खोक्यात एक बोल्ट शिल्लक आहे. त्याला पट्टी नाही.
त्याच्याविषयी आम्ही दोघंही बोलत नाही.

मार्लिस सूप घेऊन येते. इंजिनकडे बघते, आमच्याकडे बघते.
म्हणते, त्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं,
स्कॅनमध्ये सगळं ठीक आहे म्हणून.
मग भांडं कुठे टेकवावं ते शोधत राहते.

डेल्बर्ट कॉफी खाली ठेवतो.
शब्द एकेक करून येतात, कठडा धरून जिना उतरावा तसे.
"पिस्टन वर दोनदा येतो.
एकदा दाबायला. एकदा नुसता धूर सोडायला.
खूण दोन्ही वेळा तीच."
घड्याळातल्या सातसारखी, माझ्या मनात येतं.
सकाळचे की संध्याकाळचे, काटे सांगत नाहीत.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला.
क्रँकच्या नटावर पाना, पाना मार्लिसच्या हातात.
भोकावर अंगठा धरायला मी वाकले.
"थांब. माझा," तो म्हणाला,
आणि उजव्या हाताने डावा उचलून
अंगठा तिथे नेऊन ठेवला,
दस्तावर उमटवावा तसा.

मार्लिसने फिरवलं. काही नाही.
आणखी फिरवलं.
फस्स!
अंगठा उडाला.
"कळलं?"
"नाही," डेल्बर्ट म्हणाला. "पण दिसलं."

पुली शून्यावर आणून टोपण उघडलं तर
रोटरचं तोंड चौथ्या सिलिंडरकडे.
म्हणजे ठिणगी पडत होती, नेमाने, न चुकता,
पण वरातीमागून घोडं.
चूक माझीच. त्या दिवशी मी घाईत होते,
अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं.
हे मी सांगितलं. त्याने मान हलवली,
जणू हेही कुठे बसवायचं ते त्याला ठाऊक होतं.

डिस्ट्रिब्यूटर उपसला, अर्धा फेरा दिला, परत सोडला.
दात दातांत जाताना तो जरासा वळला. वळू दिला.

किल्ली.
कर्र, आणि लगेच
गराजभर निळा धूर, मार्लिस खोकत दार वर करतेय,
फेंडरवर ठेवलेलं सूप झाकणाखाली थरथरतंय.

डेल्बर्ट तो शिल्लक बोल्ट उचलायला जातो, डाव्या हाताने.
पडतो. पुन्हा उचलतो. पडतो.
मी टायमिंग लाइट शोधत असल्यासारखी पाठ वळवते.
तिसऱ्या खेपेला तो शर्टाच्या खिशात.
"आणि याचा पत्ता?" मी ओरडून विचारते.
इंजिनच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही,
किंवा जातं.