शंभराला सव्वा

मोंढ्यात माझं काम काट्यांचं.
कुठल्या आडतीत काटा अर्धा किलो पुढं चालतो,
कुणी पाट्याखाली लोहचुंबक दडवलाय,
हे मला पाट्यावर बोट टेकलं तरी कळतं.
म्हणून बिडवे सर म्हणाले,
या गच्चीवर. आम्हाला असाच माणूस पाहिजे.

तारा नुसत्या डोळ्याला दिसत नाही.
ब्रह्महृदयापासून बराच खाली, सारथीच्या पोटात कुठंतरी.
नाव नाही, नंबर आहे.
त्याच्याभोवती सव्वीस तासांत एक फेरी मारणारा ग्रह आहे म्हणे,
तोही दिसणार नाही, सरांनी आधीच सांगितलं.
दिसली तर तूट दिसेल.
शंभराला सव्वा.
मी म्हटलं, एवढ्यावर तर आमच्याकडं
भांडण हमालापासून सभापतीपर्यंत जातं.

जानेवारी. तुरीची आवक जोरात.
आठ इंची आरसा, पुण्याहून जुना आणलेला.
फिरवणाऱ्या मोटारीला इन्व्हर्टरची बॅटरी,
दवाला हटवायला यास्मीनच्या आईचा केस वाळवायचा ड्रायर.
दहाला लाइट गेली
आणि अख्ख्या उदगीरात आम्ही तिघंच खूश.

मग यास्मीननं तारा मुद्दाम बिघडवला.
चांगला सुईच्या टोकाएवढा होता,
तिनं नॉब फिरवून त्याचा फुगीर, भोकाचा मेदूवडा केला.
मला वाईट वाटलं.
ती म्हणाली, काका, टोकदार तारा मोजता येत नाही,
सगळा उजेड एकाच मापात पडतो, माप भरून वाहतं.
पसरला की मावतो.

शेजारचे तीन तारे साक्षीला धरले.
तेही मंदावले तर धूर समजायचा,
कारखान्याचा, नाहीतर कुणीतरी पेटवलेल्या पाचटाचा.
हा एकटाच उतरला
तर मधे कुणीतरी आलंय.
ही रीत मला पटली. आमची प्रमाण वजनं
पेटीत मखमलीवर असतात, एवढाच फरक.

पुढं काहीच नाही.
मिनिटाला एक फोटो, फोटोला एक ठिपका.
चहा. खाली गल्लीत कुणाचा तरी खोकला.
किल्ल्याकडून एक टिटवी ओरडत गेली.
पावणेबाराची वेळ दिलेली.
पावणेबारा झाले. गेले.
ठिपके आपले सरळ, ओळीत,
सर कागद बॅटरीखाली धरून पुन्हा पुन्हा वाचतायत.

अकरा चोपन्नला एक ठिपका खाली बसला.
मग दुसरा, जरा आणखी खाली.
पोत्यात परखी खुपसून
कुणी मूठ मूठ तूर नमुन्याला काढत राहावी
आणि पोतं काही न बोलता उभं असावं, तसं.
तिन्ही साक्षीदार जागच्या जागी.
कुणीच ओरडलं नाही.
मी बघत होतो ती नुसती घट होती
आणि माझ्या हाताला घाम सुटला होता.

पण नऊ मिनिटं उशीर कसला?
सर हळूच म्हणाले, दुसरा एखादा ग्रह
त्याला मागं ओढत असेल.
अर्धा तास त्या गच्चीवर दुसरा ग्रह होता.
यास्मीननं त्याला नाव ठेवायलाही सुरुवात केली,
आधी तिच्या बकरीचं, मग शाळेतल्या बाईंचं.
मी सवयीनं खिशातून फोन काढला,
लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारी धरला.
लॅपटॉप नऊ मिनिटं पुढं.
ते आधीच का तपासलं नव्हतं, मला विचारू नका.

पावणेतीनला ठिपके परत वर चढले,
जिथून उतरले होते तिथंच.
सर म्हणाले, नऊ वजा करून पाठवून देऊ, कुणाला कळतंय.
यास्मीननं आधी शेरा लिहिला:
घड्याळ चुकीचं होतं. चूक आमची.
मग वजा केले.

सकाळी मोंढ्यात शिवलिंगअप्पांच्या आडतीवर
डोळे चोळत काटा उघडून बसलो होतो.
काय दिसलं ओ रात्री?
काही नाही अप्पा, म्हटलं,
थोडं कमी दिसलं.
त्यांनी लगेच काट्याकडं बघितलं.