तिसऱ्या मजल्यावरचा पाणवठा

मरोळला मेट्रोच्या खांबामागे हे हॉटेल,
पिवळंधमक,
हळद लावून ठेवलेलं, आणि मग लग्न मोडलेलं.
एक मंगळवार सोडून मी इथे उतरते,
नाशिकहून, चंचुपात्रांचे नमुने घेऊन.
कपाट नाही. पाच लाकडी खुंट्या.
टेबल भिंतीत मिटतं. खिडकी आहे, उघडत नाही.
उशीमागच्या भिंतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत जे लिहिलंय
ते मराठीत सांगायचं तर:
झोपायचंच होतं तर घरी काय वाईट होतं?

खाली माणूस नाही, स्क्रीन आहे.
ती नाव विचारते, आधार विचारते,
किल्लीऐवजी आकडा देते.
चहा वर येत नाही. पाणीही नाही.
म्हणून रात्री दहाच्या सुमाराला अख्खा मजला
आपापली बाटली घेऊन निघतो
टोकाच्या यंत्राकडे.
धार करंगळीएवढी, लिटरला दोन मिनिटं.
दोन मिनिटांत माणूस बोलतोच.

सोलापूरचे येमूल, टॉवेलचे व्यापारी,
हॉटेलचा टॉवेल चिमटीत धरून म्हणाले,
"बाई, हा पुसत नाही,
इकडचं पाणी तिकडे नेऊन ठेवतो.
माणशी एक. दुसरा हवा तर साठ रुपये!
पण गादीला नाव ठेवणार नाही. गादी चांगली."

चिपळूणच्या खातूबाई, नातवाच्या व्हिसासाठी आलेल्या:
"दादरला सख्खी नणंद आहे हो माझी.
पण तिच्याकडे उतरायचं म्हणजे
आधी सुनेचं तोंड, मग रात्री दीडपर्यंत
गावच्या जमिनीचं.
इथे कोणी काही विचारत नाही.
जेवलात का, तेही नाही."
बाटली भरून वाहायला लागली
तरी त्यांचं बोट बटणावरच.

बीडचा कलीम अत्तार, सकाळी विमान कंपनीत मुलाखत:
"आरशाभोवती बारा दिवे,
आणि इस्त्री अख्ख्या बिल्डिंगला एक.
माझ्यापुढे सात शर्ट आहेत.
पण फोटो काय येतो, ताई!
अम्मीला पाठवला तर तिनं फोनच केला,
एवढे पैसे कुठून आणलेस म्हणून."

माझंही एक मत आहे.
काच विकून पोट भरते, तरी सांगते,
न्हाणीला काचेचं दार नको.

त्या रात्री तीनशे बारामधली बाई आली.
बाटली नव्हती. स्टीलचा डबा,
झाकणावर टिंबाटिंबांनी ठोकलेलं:
सौ. इंदिरा नैताम, राजुरा.
समोरच्या इस्पितळात नवरा.
अकरा रात्री बाकावर काढल्या होत्या,
आज दिरानं पैसे भरले आणि म्हणाला, जा, सहा तास.

येमूलांनी सवयीनं विचारलं,
"कशी वाटली खोली?"
ती विचार करायला लागली.
खरोखरच विचार करायला लागली,
जसं काही तिच्या उत्तरावर
कुणाचं काही अडून आहे.

"दार आतून लागते जी," ती म्हणाली.

डब्यात धार पडत होती.
वर चढताना तिचा आवाज बारीक होत गेला.
टॉवेल, इस्त्री, काच,
कुणीच काही काढलं नाही.

येमूल खोलीत गेले,
नमुन्यांच्या बॅगेतून एक घेऊन आले, लाल काठाचा.
"हा पाणी पितो," एवढंच.
तिनं पदराची गाठ सोडायला घेतली, तर
"ठेवा हो. नमुन्याचं बिल होत नसतं."

सकाळी खाली स्क्रीनवर पाच चेहरे.
पहिला दात दाखवणारा, शेवटचा रडका.
एक निवडल्याशिवाय ती तुम्हाला सोडत नाही.
मी बोट उचलून उभी,
मधल्यावर नेलं, मागे घेतलं.

मागून कलीम,
इस्त्रीचा शर्ट दोन्ही हातांवर आडवा,
झोपलेलं लेकरू धरावं तसा:
"ताई, कुठलाही दाबा ना. मला उशीर होतोय."